टाळेबंदीतील कर्करोग-उपचार : एक मागोवा

कोरोनाच्या साथीमुळे २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदीचा अंमल सुरू झाला, तेव्हा परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने शस्त्रक्रिया चालू ठेवण्याचे धैर्य दाखविले. २३ मार्च ते ३० एप्रिल या काळात तेथे ४९४ नियोजित मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांनंतर एकही रोगी दगावला नाही, हे आजही आदराने नमूद करावेसे वाटते. परंतु दूरच्या तालुक्यातील रोग्याला परळपर्यंत पोहोचविण्याची तजवीज कोणत्याही रुग्णालयाच्या हाती नव्हती. राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातील ४१ केंद्रांत २०१९ च्या मार्च ते मे या महिन्यांत १,१२,२७० नवे रोगी नोंदले गेले होते; २०२० च्या त्याच महिन्यांत ती संख्या ५१,७६० वर आली. उरलेले रोगी काही बरे झालेले नव्हते.

अशा वेळी, टाटा स्मारक केंद्र व हे जाळे यांच्या सहकार्याने काही वर्षांपूर्वीच उभी राहिलेली ‘नव्या’ ही संगणकीय सल्लासेवा विशेष मोलाची ठरली. रोग्याने घरूनच पाठविलेल्या कागदपत्रांतून रोगाची अवस्था, ऊतक-परीक्षणाचे निष्कर्ष, पूर्वीचे उपचार व अन्य व्याधी वेचून, प्रसिद्ध संशोधन आणि तज्ज्ञांचे पूर्वीचे निर्णय यांच्याशी ती माहिती ताडून, संभाव्य उपचारांची मांडणी यंत्र करी. त्यावर निवाडा मात्र तज्ज्ञच देत, आणि तो लेखी सल्ला घेऊन रोगी गावाजवळच्या डॉक्टरांकडे जाऊ शके. टाळेबंदी लागू झाली त्याच दिवशी केंद्र सरकारने दूरवैद्यकाची नियमावली जारी केल्याने अशा सल्लामसलतीस स्पष्ट चौकटही लाभली.

साथीच्या काळात खरी निकड होती ती कोणाला थांबविता येईल आणि कोणाला मुळीच थांबविता येणार नाही, हे ठरविण्याची. संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या स्तनकर्करोगात गोळ्यांवर काही काळ निभावून शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते. तीव्र रक्तकर्करोगात मात्र थोडाही विलंब प्राणघातक ठरू शकतो. हा विवेक शेकडो मैलांवरून करता आला, हे मला या व्यवस्थेचे सर्वांत मोठे श्रेय वाटते. अर्थात तिला मर्यादाही होत्या : किरणोपचार अथवा शस्त्रक्रिया तारेवरून धाडता येत नाहीत, आणि ज्याच्यापाशी ऊतक-परीक्षणाचा अहवालच नव्हता त्याच्यासाठी यंत्रही निरुपाय होते.

म्हणूनच पुढची साथ येण्याची वाट न पाहता, प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने कर्करोगाचे दप्तर एकाच नमुन्यात ठेवावे आणि त्याची प्रत रोग्याच्या स्वाधीन करावी.