काठीच्या टोकावरचा ठोका

वाद्यवृंद संचालकाचे चलतचित्र करताना हात लांब आणि बाह्याकृती ठसठशीत हवी, चेहरा दुय्यम. सेकंदाला 24 चौकटी आणि मिनिटाला 120 ठोके धरले, तर एका ठोक्याला 12 चौकटी येतात. काठी ठोक्याकडे वेगाने येते आणि तिथून उसळते. चौकटींतले अंतर सारखे ठेवले की पात्र निर्जीव वाटते. पहिल्या सुराआधीची उचल अनेकदा राहून जाते, आणि वादक श्वास तर तिच्यावरच घेतात. विद्यार्थ्याला उचलीचा हा झोक भजनातल्या टाळकऱ्याच्या हातातही पाहता येईल. साधने साधी चालतात: दादासाहेब फाळक्यांनी काड्या सरकवून ‘आगकाड्यांची मौज’ हा चित्रपट केला होता. चार ठोक्यांत संचालकाचा उजवा हात खाली, डावीकडे, उजवीकडे, वर जातो. समोरून चितारताना यातली डावी-उजवी उलटते.