तवा, पुडी आणि तोंड

महाराष्ट्रात तंबाखू ओढणाऱ्यांपेक्षा ती खाणारे, चघळणारे आणि दातांना लावणारे कितीतरी जास्त. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरताना आढळले. त्यात विडी-सिगारेट ओढणारे अवघे ३.८ टक्के, बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के, काही जण दोन्ही करणारे. आपल्याकडे तंबाखूची पहिली झळ बसते ती तोंडाला. गेल्या साठेक वर्षांत या तोंडांचं काय झालं, कुणी ती उघडून पाहिली आणि सरकार नेमकं कशाच्या मागे धावत राहिलं, हे एकदा सलग मांडून पाहायला हवं.

सुरुवात एका अफाट कामापासून करतो. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागाने घरोघर जाऊन माणसांची तोंडं तपासायला घेतली. डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी, सोबतीला कोपनहेगनचे डॉ. येन्स पिंडबोर्ग. दवाखान्यात येतो तो रोगी झाल्यावर येतो. रोग कुठून सुरू होतो हे पाहायचं तर धडधाकट माणसाच्या उंबऱ्यावर जायला हवं, हा त्यामागचा विचार. एकट्या पुणे जिल्ह्यात १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली गेली आणि तो अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. पुढे केरळ, आंध्र आणि गुजरातमधल्या खेड्यांत याच गटाने त्याच त्या माणसांकडे वर्षानुवर्षं परत जाऊन पाहिलं. तोंडाचा कर्करोग सहसा अचानक येत नाही, आधी गालाच्या आत पांढरा चट्टा किंवा तसलीच खूण दिसते आणि ती बहुतेक तंबाखू वापरणाऱ्याच्याच तोंडात असते, हे त्यातून पक्कं झालं. १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये या गटाने आणखी मोलाची गोष्ट नोंदवली. तीन जिल्ह्यांतल्या सुमारे ३६ हजार तंबाखू वापरणाऱ्यांशी समोरासमोर बसून बोलल्यावर, चित्रपट आणि वर्तमानपत्रांतून सांगितल्यावर, सोडणाऱ्यांची संख्या वाढली आणि पांढरे चट्टे नव्याने होण्याचं प्रमाण उतरलं.

म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी उपाय हाताशी होता. माणसाच्या तोंडात पाहायचं आणि त्याच्याशी बोलायचं. तो उपाय प्रयोगापुरता राहिला, याची हळहळ मला आजही वाटते.

या काळात घराघरात तवा तापतच होता. मिश्री करणं हे बायकांचं काम. चुलीवर तवा चांगला तापवायचा, त्यावर तंबाखू टाकून काळीभोर होईस्तोवर भाजायची. घरभर असा ठसका उठतो की पोरंबाळं अंगणात पळतात. मग ती चुरून बारीक भुकटी करायची आणि डबीत भरून ठेवायची. सकाळी उठल्यावर तर्जनीवर चिमूटभर घेऊन दातांवर, हिरड्यांवर फिरवायची. आधी दात घासायला, मग ‘मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही’ म्हणून, मग भांडी घासून झाल्यावर, दुपारी पाठ टेकताना, रात्री निजताना. हिरडीची त्वचा नाजूक, तिच्यातून निकोटिन थेट रक्तात उतरतं. सून सासूकडून शिकते, लेक आईकडून. पिचकाऱ्या मारणाऱ्या पुरुषाला गाव नावं ठेवतं. मोरीच्या कडेला बसून मिश्री लावणाऱ्या बाईला कुणी व्यसनी म्हणत नाही आणि तीही स्वतःला तसं समजत नाही.

मुंबईत १९९० च्या दशकात डॉ. प्रकाश गुप्ता यांनी पस्तिशीपुढच्या सुमारे एक लाख लोकांची पाहणी केली. तळहातावर मावणारे संगणक घेऊन माहिती गोळा करणारे लोक घरोघर फिरले. या पाहणीत ५७ टक्क्यांहून जास्त बायका तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या, आणि तीही जवळजवळ सगळी बिनधुराची. २००४ साली याच शहरातल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बिनधुराची तंबाखू, त्यातही मुख्यतः मिश्री, वापरणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं, आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. केंद्र सरकारने १९९२ साली दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली होती. चांगलाच निर्णय, पण तो कारखान्यातल्या मंजनाला लागू. घरच्या तव्याला कोण बंदी करणार?

मग आली पुडी. पान खायचं तर टपरीवर थांबावं लागे, तंबाखू मळायची तर चुन्याची डबी जवळ हवी. गुटख्याने ही सगळी यातायात संपवली. सुपारी, कात, चुना, तंबाखू आणि वास, सगळं एका चकचकीत पुडीत, रुपया-दोन रुपयांत. टपऱ्यांवर पुड्यांच्या माळा लोंबू लागल्या आणि शाळेच्या वाटेवरची पोरं त्यातून एक-एक तोडून घेऊ लागली. चुन्यामुळे निकोटिन मोकळं होऊन झटकन भिनतं, हे एक. दुसरं म्हणजे सुपारी. लोक तिला निरुपद्रवी समजतात, पूजेत मांडतात, पण सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला. तिच्यातल्या अ‍ॅरिकोलीनमुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतू साठत जातात, गाल चामड्यासारखा ताठ होतो आणि जबडा उघडेनासा होतो. मुंबईच्या डॉ. जोशींनी १९५३ मध्येच या आजाराचं वर्णन करून ठेवलं होतं. निरोगी माणसाची स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात. गुटखा खाणाऱ्या विशी-पंचविशीतल्या मुलाला दंतवैद्य बोटं घालायला सांगतो, तेव्हा दोनावर गाडी अडते, कधी एकावर. तिखट भाजीचा घास लागताच डोळ्यांत पाणी येतं. ताठलेलं अस्तर पुन्हा पहिल्यासारखं होत नाही, आणि त्यातून पुढे कर्करोगही उद्भवतो.

राज्य सरकारने २००२ साली गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली. उत्पादक न्यायालयात गेले आणि ऑगस्ट २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. जुन्या अन्नभेसळ कायद्याखाली राज्याच्या अधिकाऱ्याला तसा अधिकार नाही, हे कारण. पुढे प्लास्टिकच्या पुड्यांवर न्यायालयाने मार्च २०११ पासून बंदी आणली. त्याच वर्षी नव्या अन्नसुरक्षा कायद्याखालच्या नियमांत स्पष्ट लिहिलं गेलं, की अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन असता कामा नये. त्या आधारावर जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटख्याबरोबर पानमसाल्यावरही बंदी घातली, आणि हा आदेश पुढे वर्षावर्षाला वाढवत नेला. टाटा रुग्णालयातल्या डॉ. पंकज चतुर्वेदींसारख्या शल्यविशारदांनी अर्धा जबडा काढलेल्या रुग्णांना मंत्र्यांसमोर उभं करून या बंदीचा आग्रह धरला होता. राजकारण्यांना हा रोग परका नव्हताच. शरद पवारांच्या तोंडाची शस्त्रक्रिया २००४ मध्ये झाली आणि ते पुढे जाहीरपणे त्याबद्दल बोलत आले. आर. आर. पाटील २०१५ च्या फेब्रुवारीत तोंडाच्या कर्करोगाने गेले, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी.

बंदी निष्फळ ठरली असं मी म्हणणार नाही. २००९-१० ते २०१६-१७ या काळात राज्यातला तंबाखूचा वापर ३१.४ टक्क्यांवरून २६.६ वर आला, माळा दिसेनाशा झाल्या, पोराच्या हातात पुडी सहज पडेनाशी झाली. पण शेजारच्या राज्यातून येणारा माल पकडल्याच्या बातम्या आजही येतात, आणि पुडीची जागा हाताने केलेल्या मालाने घेतली. विदर्भात खर्रा, पश्चिम महाराष्ट्रात मावा. टपरीवाला सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात गुंडाळतो आणि तळहाताने घोटतो, चांगला ओलसर होईपर्यंत, गिऱ्हाईक समोर उभं असताना. त्यावर ना छाप, ना धोक्याचं चित्र, ना कारखान्याचा पत्ता. गडचिरोलीत दारूबंदीची चळवळ रुजवणाऱ्या डॉ. अभय बंग यांनी २०१६ पासून ‘मुक्तिपथ’मध्ये दारूच्या बरोबरीने तंबाखूलाही धरलं ते म्हणूनच. तिथे गावोगाव सभा होतात, गाव स्वतः ठराव करतं, दुकानदाराशी गावच बोलतं. १९८६ च्या त्या प्रयोगाच्या सगळ्यात जवळ जाणारं काम मला हेच वाटतं.

तिशीपुढच्या प्रत्येकाचं तोंड दर पाच वर्षांनी तपासावं, असं केंद्राच्या आरोग्य खात्याने २०१६ मध्येच सांगितलं आहे. लागतं काय, तर बॅटरी, हातमोजे आणि दोन मिनिटं. यात मिश्रीचा वेगळा विचार व्हायला हवा. परिचारिकेने ‘तंबाखू खाता का’ असं विचारलं, तर मिश्री लावणारी बाई खरेपणाने नाही म्हणते. ‘दात कशाने घासता, दिवसातून किती वेळा’ असं विचारलं की ती डबी दाखवते. गरोदर बाईला तर हे पहिल्याच भेटीत विचारावं. आणि सोड म्हणताना पुढे काय होईल तेही सांगावं. पहिले काही दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, पोट साफ होणार नाही, आणि हे काही आठवड्यांत सरेल. तोवर कोमट पाणी, भाजीपाला, गरज पडली तर डॉक्टरांकडून साधं औषध, शिवाय १८००-११-२३५६ हा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक. हे आधी न सांगितल्यामुळे कित्येक जणी चौथ्या-पाचव्या दिवशी पोट फुगलं म्हणून डबी परत उघडतात.