जुन्या टेम्पोची वॉरंटी: डीलरने हात वर केले तर?

पोटापाण्यासाठी जुना टेम्पो घेतला, महिन्याभरात गिअरबॉक्स गेला, आणि डीलर म्हणतो, "हे वॉरंटीत बसत नाही." भांडू नका, आधी वॉरंटीचा कागद वाचा. दुरुस्तीआधी दुसऱ्या मेकॅनिककडून बिघाडाचा लेखी रिपोर्ट घ्या. मग १५ दिवसांची मुदत देऊन डीलरला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. तरी दाद दिली नाही, तर १९१५ हेल्पलाइन. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. तिथं तक्रारीला २ वर्षांची मुदत असते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

डीलर म्हणेल, "धंद्याची गाडी, तुम्ही ग्राहकच नाही!" घाबरू नका. फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली गाडी स्वतःच वापरत असाल, तर २०१९च्या कायद्याने तुम्ही ग्राहकच. म्हणून बिल स्वतःच्या नावावर, आणि वॉरंटी लेखीच घ्या.