हापूस पिवळा दिसला म्हणजे पिकला का?

दादरच्या बाजारातून पिवळाधमक हापूस आणला, पण कापल्यावर आंबट निघाला. असं का होतं?

आंबा पिकताना त्यात इथिलीन वायू तयार होतो. हा वायू पेशींमधली ठरावीक जनुकं चालू करतो. काही जनुकांमुळे सालीतलं हरितद्रव्य जाऊन पिवळा रंग दिसतो, काहींमुळे गर मऊ होतो, तर काहींमुळे गोडवा आणि वास येतो. हापूसच्या वासामागची काही जनुकं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी शोधली आहेत.

कार्बाइडमधून निघणारा ॲसिटिलीन वायू इथिलीनची नक्कल करतो. त्याने कोवळ्या आंब्याचीही साल पिवळी होते, गोडवा मात्र मागे राहतो. आरोग्याला धोका असल्याने कार्बाइडने फळं पिकवण्यावर बंदी आहे.

तेव्हा घेताना नुसता रंग पाहू नका, देठाजवळ वासही घ्या.