वाऱ्याची वाट : सिलिंडर हेडच्या हस्तकामाचा आढावा

एक लिटर पेट्रोल पूर्णपणे जळावयाचे तर त्यास सुमारे ९,००० लिटर हवा लागते, हा साधा हिशेब मोटारीच्या टाकीत वर्षानुवर्षे पेट्रोल भरणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात येतो. पेट्रोलला दाम मोजावे लागतात आणि हवा फुकट मिळते, सबब तिचा जमाखर्च कोणी ठेवीत नाही. इंजिनाची अडचण मात्र नेमकी उलट आहे. पेट्रोल आत सोडणे हा किरकोळ मामला असून कार्ब्युरेटरचा जेट थोडा मोठा घातला की ते काम भागते. परंतु टर्बो किंवा सुपरचार्जर यांचे साहाय्य नसलेल्या इंजिनास हवा आत लोटण्यासाठी वातावरणाच्या दाबावाचून, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम एवढ्या जोरावाचून, दुसरा आधार नसतो. वेळेची तंगी तर याहूनही अधिक. मिनिटास ६,००० फेरे घेणाऱ्या इंजिनाचा एक फेरा सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात पुरा होतो आणि हवा आत घेणारी झडप जेमतेम सहासात सहस्रांश सेकंद उघडी राहते. तेवढ्या अवधीत हवेने मॅनिफोल्ड ओलांडावे, हेडमधील वाकड्या बोगद्यात, म्हणजे पोर्टमध्ये, शिरावे, झडपेच्या दांड्याला व त्याच्या गाईडला वळसा घालावा, आणि झडपेच्या कडेभोवती उघडलेल्या चिंचोळ्या फटीतून सिलिंडरात उतरावे, अशी योजना असते. हा बोगदा हाताने कोरून सुधारण्याची जी विद्या गॅरेजांतून पोर्टिंग या नावाने चालत आली आहे, तिचा येथे परामर्श घ्यावयाचा आहे.

कारखान्यातून आलेला बोगदा मुळात सदोष असावाच का, हा प्रश्न कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव येथील ओतशाळेत ज्याने एक दिवस काढला आहे तो विचारणार नाही. हेड बिडाचे असो वा ॲल्युमिनियमचे, त्यातील पोकळ्या वाळूच्या कोअरभोवती धातू ओतून घडवाव्या लागतात. कोअर साच्यात बसविताना केसभर सरकला तर पोर्टची एक भिंत जाड व समोरची पातळ होते, कोअरपेटीच्या दोन अर्धुकांच्या सांध्याची रेघ पोर्टच्या आत बारीक धारेच्या रूपाने उमटते, आणि वाळूच्या कणांचा खरखरीतपणा भिंतीवर कायम राहतो. एवढ्यावर निभावले असते तरी चालण्यासारखे होते. खरा घोटाळा पुढे होतो. ओतलेल्या पोर्टचे तोंड आणि झडप मिटताना जिच्यावर टेकते ती सीट ही दोन कामे निरनिराळी असतात. सीट यंत्रावर खालून सरळ रेषेत कापली जाते, पोर्ट मात्र वाळूने ठरविलेल्या वाटेने तिरका येतो, आणि या दोहोंची जेथे गाठ पडते तेथे, म्हणजे सीटच्या लगेच खाली, एक पायरी उरते. हवेचा वेग ज्या ठिकाणी सर्वांत अधिक, नेमकी त्याच ठिकाणी ही पायरी असावी, हा स्वस्त व मुबलक उत्पादनाचा दस्तूर आहे. त्याबद्दल कारखानदारास दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याला दिवसाकाठी शेकडो हेडे बाहेर काढावयाची असतात.

पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे इंग्लंडात ब्रुकलंड्सच्या शर्यतमार्गावर, जो १९०७ मध्ये खुला झाला आणि १९३९ मध्ये बंद पडला, असे दोष हाताने दुरुस्त करणाऱ्या कसबी लोकांची एक पिढीच उभी राहिली होती. त्यांचा भर पोर्ट मोठा करून आतून आरशासारखा चकचकीत करण्यावर असे, आणि त्याचा परिणाम गाडी धावली की कळे. या अंदाजपंचे कारभारास मोजमापाची शिस्त लावणारा मनुष्य म्हणजे हॅरी वेस्लेक. ससेक्स परगण्यातील राय या गावी कर्मशाळा थाटणाऱ्या या गृहस्थाने १९२० नंतरच्या दशकात एक गोष्ट ओळखली, की इंजिन चालविल्यावाचूनही हेडची परीक्षा घेता येते: हेड एका नळकांड्यावर बसवावे, झडप ठराविक उंचीवर उघडी धरून ठेवावी, खालून पंख्याने हवा ओढावी, दाबाचा फरक नियत ठेवावा आणि दर मिनिटास किती हवा गेली ते मोजावे. मग पोर्टमध्ये एक फेरफार करावा आणि पुन्हा मोजावे. ह्या युक्तीत विलक्षण असे काही नाही. विलक्षण हे, की ती इतर कोणी नेटाने अंगीकारली नव्हती.

बेंटली कंपनीने त्याला आपल्या इंजिनांच्या कामी लावले. पुढे १९३५ च्या सुमारास एस. एस. कंपनीच्या, म्हणजे पुढे जॅग्वार नावाने विख्यात झालेल्या घराण्याच्या, अडीच लिटरच्या इंजिनास त्याने नवे हेड बसविले, तेव्हा मूळची सुमारे ७० अश्वशक्ती १०० च्या वर गेली. १९४८ मध्ये जॅग्वारचे जे एक्सके इंजिन प्रकट झाले आणि ज्याने १९५१ ते १९५७ या सात वर्षांत ल मां येथील चोवीस तासांची शर्यत पाच वेळा जिंकून दिली, त्याच्या हेडच्या पोर्टांवरही याच मनुष्याचा हात होता.

परंतु मराठी वाचकाचा वेस्लेकशी असलेला संबंध जॅग्वारमुळे नाही. तो अधिक घरगुती आहे. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ए आणि बी या दोन इंजिनमालिकांतील हृदयाच्या आकाराचा ज्वलनकक्ष वेस्लेकचा. त्यांपैकी बी मालिकेचे १,४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आपल्या ॲम्बॅसडर गाडीत दीर्घकाळ नांदले. टॅक्सीच्या अड्ड्याजवळच्या गॅरेजात ज्यांनी जुन्या पेट्रोल ॲम्बॅसडरचे बिडाचे हेड उताणे पडलेले पाहिले असेल त्यांनी हा कक्ष पाहिलेला आहे: दोन झडपांच्या मधोमध भिंतीचा एक कोपरा आत आलेला, बदामाच्या वरच्या खाचेसारखा. त्याच हेडची बाजू पाहिली असती तर आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसली असती. सिलिंडर चार, पण हवा आत घेणारे पोर्ट दोनच, आणि धूर बाहेर टाकणारे तीन. पहिला व दुसरा सिलिंडर एका वाटेने हवा घेतात, तिसरा व चौथा दुसऱ्या वाटेने. ज्वलनाचा क्रम १-३-४-२ असल्यामुळे दुसऱ्याची झडप मिटण्यापूर्वीच पहिल्याची उघडते, आणि वाहत्या हवेचा ओघ मधूनच वळवून घेते. काटकसरीच्या दृष्टीने निर्दोष, आणि वायुप्रवाहाच्या दृष्टीने जन्मजात अधू, असे हे हेड.

अशा अधू हेडातून किती काढता येते याची कथा ए मालिकेने लिहिली. १९५१ साली ऑस्टिन ए-३० या छोट्या गाडीसाठी ८०३ घनसेंटिमीटरचे म्हणून जन्मलेले हे इंजिन १९५९ मध्ये मिनीत आले ते ८४८ घनसेंटिमीटर व ३४ अश्वशक्ती घेऊन. १९६१ च्या मिनी कूपरमध्ये ९९७ घनसेंटिमीटरला ५५ अश्वशक्ती झाली. ही वाढ केवळ पोर्टांची नव्हे; कॅमशाफ्ट, जोड कार्ब्युरेटर व वाढलेले आकारमान यांचाही त्यात हिस्सा आहे. तथापि विल्टशर परगण्यातील डाउनटन या खेड्यात डॅनियल रिचमंड या गृहस्थाच्या कर्मशाळेतून हाताने कोरलेली जी हेडे बाहेर पडत, त्यांनी साध्या मिनीचे रूपच पालटे; कारखान्याने या मनुष्याला अखेर सल्लागार म्हणून पदरी घेतले. १९६४, १९६५ आणि १९६७ साली माँटे कार्लोची रॅली मिनीने जिंकली, तेव्हा तिच्या बॉनेटखाली हेच पाच पोर्टांचे हेड होते. त्यानंतर डेव्हिड विझार्ड या लेखकाने याच हेडावरील आपल्या प्रयोगांचे आकडे ग्रंथरूपाने सामान्य वाचकापुढे मांडले. माझ्या मते या विद्येवरचा मोठा उपकार तो, कारण ज्या व्यवसायात प्रत्येक उस्ताद आपले गुपित मुठीत धरून बसतो, तेथे मोजमापे छापून टाकणारा मनुष्य विरळा.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. हेड उतरवून, झडपा काढून, काजळी धुऊन झाल्यावर जाणता मिस्त्री पहिल्याने ग्राइंडर हातात घेत नाही. तो पोर्टमध्ये बोट घालतो. तर्जनी आत फिरवून तो गाईडचा उंचवटा, सीटखालची पायरी आणि वळणाची आतली कड यांची रुजुवात घेतो, चारही सिलिंडर एकमेकांशी ताडून पाहतो. मग मॅनिफोल्डचे गॅस्केट हेडच्या तोंडावर बसवून, निळी शाई फासून, सुईने त्याची रेघ ओढली जाते, म्हणजे दोन्ही तोंडे कोठे जुळत नाहीत ते दिसते. त्यानंतर मिनिटास वीस-पंचवीस हजार फेरे घेणारा ग्राइंडर आणि त्याला लावलेला कार्बाइडचा बर. बीड कोरडे कापले जाते व काळी धूळ उडते. ॲल्युमिनियम मात्र बरच्या दात्यांत चिकटून बसते, म्हणून मधूनमधून रॉकेलचा किंवा मेणाचा हात द्यावा लागतो. हात एका जागी थबकला की खळगा पडलाच. म्हणून बर सतत फिरता ठेवून लांब, सलग ओढीने धातू काढावयाचा. पोर्टच्या भिंतीपलीकडे इंजिन थंड ठेवणारे पाणी खेळत असते आणि मधल्या धातूची जाडी कित्येक ठिकाणी काही मिलिमीटरच असते. एक ओढ जास्त झाली की पाण्याच्या जाकिटात भोक, आणि हेड वेल्डिंगवाल्याच्या दारात.

सर्वांत अधिक यश मिळते ते सीटच्या वर-खाली असलेल्या अवघ्या बोटभर पट्ट्यात. सीटची बसणारी कड ४५ अंशांची, तिच्याखाली पोर्टकडे ६० अंशांची आणि वर कक्षाकडे ३० अंशांची अशी तीन कोनांची रचना केली, सीटखालची पायरी उडवून ती वर्तुळे एकमेकांत मिळविली, गाईडचा उंचवटा हवेच्या ओघात निमुळता केला, की झडप थोडी उघडली असतानाचा प्रवाह लक्षणीय सुधारतो. हा सुधार दुप्पट मोलाचा, कारण उघडताना आणि मिटताना अशी दोनदा झडप त्या उंचीवरून जाते. याच्या मुळाशी एक सुबक भूमिती आहे. झडपेच्या कडेभोवतीच्या फटीचे क्षेत्रफळ झडपेच्या परिघास उचलाईने गुणून येते, आणि उचलाई व्यासाच्या चौथ्या हिश्शाइतकी झाली की ते झडपेच्या स्वतःच्या क्षेत्रफळाएवढे होते. म्हणजे ३२ मिलिमीटरच्या झडपेस ८ मिलिमीटर उचलल्यावर अडथळा झडपेचा राहत नाही, तो पोर्टचा होतो. तेथे मग वळणाच्या आतल्या कडेचे महत्त्व सुरू होते. घाटातल्या वळणावर वेगाने आलेली गाडी जशी आतली बाजू सोडून दरीकडे फेकली जाते, तशी पोर्टची हवा या आखूड वळणावरून सुटून बाहेरच्या भिंतीवर आदळते आणि अर्धी झडप रिकामी राहते. हवा मोजण्याच्या यंत्रावर हे कानांनाही कळते: हवेची एकसारखी शीळ मोडून खरखर सुरू झाली, की तिने कड सोडली असे समजावे. त्या कडेची गोलाई मिलिमीटरच्या अंशांनी वाढविणे ही या कामातली परमावधी. काही कारागीर आधी तेथे मातीचा लेप देऊन, आकार बदलून, मोजून, मगच धातूला हात लावतात. अखेरीस ज्वलनकक्षावर काचेसारखी प्लास्टिकची पट्टी ठेवून तिच्या छिद्रातून ब्युरेटने द्रव सोडतात, आणि चारही कक्षांचे घनफळ जुळवितात.

या विद्येतला सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट गैरसमज असा, की मोठा पोर्ट तो चांगला पोर्ट. पोर्टमधली वेगवान हवा आपल्या वेगाच्या जोरावर, पिस्टन तळाशी जाऊन परत वर निघाल्यावरही, काही काळ आत घुसत राहते. पोर्ट अवास्तव रुंद केला की वेग मंदावतो, हा फुकटचा नफा बुडतो, आणि गाडी शर्यतीच्या फेऱ्यांवर धावली तरी पेठेच्या रहदारीत मरगळते. उलट वेगालाही मर्यादा आहे. एम. आय. टी. मधील प्राध्यापक सी. एफ. टेलर यांनी दाखविले, की झडपेतून जाणाऱ्या हवेचा त्यांनी ठरविलेला सरासरी वेग ध्वनीच्या वेगाच्या निम्म्याहून फारसा पुढे गेला की सिलिंडर भरण्याची क्षमता झपाट्याने घसरते. या दोन टोकांमधली वाट काढणे हेच कसब. आरशासारख्या चकाकीबद्दलही हेच. धुराच्या पोर्टमध्ये ती काजळी धरू देत नाही म्हणून चालते; हवेच्या पोर्टमध्ये मात्र कार्ब्युरेटरच्या इंजिनात पेट्रोलचे थेंब भिंतीवर धावत असतात, ते थोड्या खरबरीत पृष्ठावर अधिक चांगले सुटतात. ६० ते ८० नंबरच्या पॉलिश पेपरचा मंद पोत तेथे पुरेसा असतो.

आपल्याकडे पोर्टिंग म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे यामाहा आरएक्स १०० येते. तो प्रांत वेगळा. दोन-स्ट्रोक इंजिनात पोर्ट हेडमध्ये नसून सिलिंडरच्या भिंतीत असतात, आणि कानशीने त्यांची वरची कड मिलिमीटरभर उचलली तरी उघडझापीची वेळच बदलते. तेथे कारागीर केवळ वाट रुंद करीत नाही, घड्याळच सरकवितो. पूर्व जर्मनीतील त्शोपाऊ येथे एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन याने १९६१ साली १२५ घनसेंटिमीटरच्या इंजिनातून २५ अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे २००, काढून दाखविली, तेव्हा या शाखेची सनद त्याच्या नावे लिहिली गेली. तिचा विस्तार स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

चार-स्ट्रोकच्या जगात १९६७ चा जून महिना मैलाचा दगड ठरला. ४ जूनला झँडवूर्टच्या शर्यतीत कीथ डकवर्थचे कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन पदार्पणातच जिंकले, आणि १८ जूनला स्पा येथे डॅन गर्नी ज्या ईगल गाडीत जिंकला तिचे बारा सिलिंडरांचे इंजिन वेस्लेकच्या कर्मशाळेतले होते. दोहोंत प्रत्येक सिलिंडरास चार झडपा, त्यांमधील कोन अरुंद आणि पोर्ट जवळजवळ सरळ खाली उतरणारे. ज्या वळणाशी कारागिरांनी चार दशके झुंज दिली, ते वळण आराखड्यातच सौम्य करून टाकले गेले. आजच्या बहुतेक पेट्रोल मोटारी त्याच वाटेने आल्या आहेत. शर्यतींच्या कर्मशाळांतून आता संगणकावर प्रवाहाचे गणित मांडतात आणि पाच अक्षांची यंत्रे पोर्ट कापतात. पण पुष्कळ ठिकाणी ते यंत्र जी प्रत उतरविते ती हाताने कोरून, मोजून पक्क्या केलेल्या एका पोर्टची असते.

ज्यांच्या पदरी जुनी फियाट, ॲम्बॅसडर वा बुलेट आहे आणि तिचे हेड उतरविण्याचा प्रसंग आला आहे, त्यांनी हा खर्च जरूर करावा, पण डोळसपणे. रस्त्यावरच्या गाडीस सीटचे तीन कोन, पायरीची सफाई आणि मॅनिफोल्डची जुळणी एवढे पुरते. झडपा मोठ्या करण्याचा आग्रह धरू नये. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे गाडीतील फेरफारांसंबंधीचे कलम ५२ आणि प्रदूषणाची चाचणी यांची खातरजमा आधी करून घ्यावी. काम झाल्यावर, हेडास पाण्याचे जाकीट असल्यास, त्याची दाबाखाली तपासणी झाली की नाही ते विचारावे, झडपेच्या प्रत्येक उचलाईवर आधी किती हवा जात होती व आता किती जाते त्याचा कागद मागावा, आणि मिस्त्रीने कागदाऐवजी पोर्टमधली चकाकी दाखविली तर पैसे देण्यापूर्वी दुसऱ्या गॅरेजात चौकशी करावी.