गाठ काढली, मग पुन्हा बोलावणे कशाला?

म्हसळ्याहून परळच्या टाटा रुग्णालयात जायचे म्हणजे अख्खा दिवस मोडतो. पहाटेची एस.टी., पुढे माणगाव, पनवेल, मग मुंबई. सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते ती वेगळीच. म्हणून फुप्फुसाच्या कर्करोगाची गाठ काढली, जखम भरली, रुग्ण दोन घास जेवू लागला, की घरची माणसे म्हणतात, "आता कशाला जायचं? गाठ तर काढली ना!" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर रक्तात आहे.

सन 1869 मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉ. थॉमस अ‍ॅश्वर्थ यांना कर्करोगाने मरण पावलेल्या एका रुग्णाच्या रक्तात गाठीतल्यासारख्याच पेशी आढळल्या. गाठीपासून सुटून रक्तात फिरणाऱ्या या पेशींना आज डॉक्टर सी.टी.सी. म्हणतात. त्यांतल्या बहुतेक रक्तातच मरतात. एखादी तगते, मेंदूत, हाडात किंवा यकृतात जाऊन बसते आणि पुढे तेथे नवी गाठ धरते.

फुप्फुसाच्या बाबतीत एक अडचण अधिक आहे. तेथून निघालेले रक्त शिरांवाटे थेट हृदयाच्या डाव्या बाजूस येते आणि तेथून सर्व शरीरात जाते. शस्त्रक्रियेत फुप्फुस हाताळले गेले की काही पेशी या वाटेने निसटू शकतात. मग आधी शीर बांधली तर? चीनमधील शल्यविशारदांनी हेच करून पाहिले. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, आधी धमनी बांधलेल्या 40 पैकी 26 रुग्णांच्या रक्तात शस्त्रक्रियेनंतर अशा पेशी वाढल्या. आधी शीर बांधलेल्या 38 पैकी फक्त 12 जणांच्या वाढल्या. प्रत्येक रुग्णात शीर आधी बांधणे जमतेच असे नाही, हेही खरे.

या पेशी शोधणे म्हणजे भाताच्या कणगीत एक खडा शोधणे. एक मिलिलिटर रक्तात तांबड्या पेशीच सुमारे 500 कोटी. कर्कपेशी सापडल्या तर मोजक्याच. पुण्यातील संशोधकांनी त्यासाठी लोहचुंबकाची युक्ती केली आहे. अतिसूक्ष्म चुंबकीय कण कर्कपेशीला चिकटतात आणि चुंबक तिला बाजूला ओढतो. परंतु काही कर्कपेशींच्या अंगावर ती चिकटण्याची खूणच उरत नाही. त्या हुकतात. म्हणून 'पेशी सापडल्या नाहीत' याचा अर्थ 'आजार संपला' असा घेऊ नये. ही चाचणी अजून सी.टी. स्कॅनची जागा घेऊ शकलेली नाही. ती करण्यासाठी कोणी दागिने मोडू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पैसा आणि दिवस मोडायचाच तर तो नेमल्या तारखेच्या तपासणीसाठी मोडावा. साधारणपणे पहिली दोन-तीन वर्षे दर सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा छातीचा स्कॅन करतात. टाटा स्मारक केंद्राचेच 'अ‍ॅक्ट्रेक' आपल्या रायगड जिल्ह्यात, खारघरला आहे. पुढील तपासणी तेथे होईल काय, हे आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे. जुन्या फिल्म आणि कागद एकाच पिशवीत ठेवावेत. मधल्या काळात सतत डोकेदुखी, हाडात ठणका, थुंकीतून रक्त किंवा नवा खोकला दिसला तर तारखेची वाट पाहू नये. आपल्याकडे असा खोकला पुष्कळदा क्षय समजून महिनोन् महिने औषध चालते. तेव्हा गावच्या डॉक्टरांनाही आधीच्या शस्त्रक्रियेचा कागद पहिल्याच भेटीत दाखवावा.