शितावरून सामन्याची परीक्षा

11 डिसेंबर 2022. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर शेवटच्या चेंडूवर पाच धावा हव्या असताना पुण्याच्या देविका वैद्यने चौकार मारला आणि भारत-ऑस्ट्रेलिया महिला टी-20 सामना 187-187 असा बरोबरीत आला. मग सुपर ओव्हर. सांगलीच्या स्मृती मानधनाने तीन चेंडूंत 13 धावा कुटल्या, भारताच्या 20 झाल्या आणि रेणुका सिंगने ऑस्ट्रेलियाला 16 वर रोखलं. त्या वर्षातला ऑस्ट्रेलियाचा तो पहिलाच पराभव! पण 240 चेंडूंत जे ठरलं नाही, ते सहा-सहा चेंडूंत ठरतं म्हणजे नेमकं काय ठरतं?

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातली सगळी शितं साधारण सारखीच शिजतात. चेंडूंचं तसं नाही. एकावर षटकार, पुढच्यावर बळी. भारताच्या रिचा घोषचं त्या सुपर ओव्हरमध्ये हेच झालं. चेंडू वाढतील तसा दोन संघांच्या कौशल्यातला फरक चेंडूंच्या संख्येच्या पटीत साठत जातो, नशिबाचे चढउतार मात्र त्या संख्येच्या वर्गमुळाच्या पटीतच वाढतात. डाव 120 चेंडूंवरून सहावर आणला, म्हणजे वीसपट छोटा केला, की कौशल्याच्या तुलनेत नशिबाचं वजन जवळजवळ साडेचार पट होतं. सामना जितका छोटा, तितकी दुबळ्या संघाला संधी जास्त.

दुसरा प्रश्न पाळीचा. फुटबॉलच्या पेनल्टी शूटआउटमध्ये पहिली किक मारणारा संघ सुमारे 60 टक्के वेळा जिंकतो, असा निष्कर्ष 2010 मध्ये होसे आपेस्तेगिया आणि इग्नासियो पालासियोस-उएर्ता या अर्थतज्ज्ञांनी मांडला. मागून येणाऱ्यावर पिछाडी भरून काढण्याचं दडपण असतं, हे त्यांचं स्पष्टीकरण. तो आकडा जगभर गाजला, पण त्यामागे शूटआउट होते फक्त 129. दोनच वर्षांनी दुसऱ्या गटाने 540 शूटआउट तपासले, तेव्हा तो 53 टक्क्यांवर आला; 50 टक्क्यांपासून एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. तरीही 2017 मध्ये पाळी उलटसुलट करण्याचे प्रयोग झाले आणि पुढच्याच वर्षी गुंडाळले गेले. नशीब मोजायला निघालेलं संशोधनही छोट्या नमुन्यापायीच फसलं!

या सगळ्या चर्चेत आपल्या खो-खोचं नाव कुठेच येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. जादा डावानंतरही गुण सारखेच राहिले, तर खो-खोत लघुत्तम आक्रमण होतं: पहिला गडी बाद करायला प्रत्येक संघाला किती वेळ लागला, ते स्टॉपवॉचवर मोजायचं; कमी वेळ घेणारा संघ जिंकला. धावा आणि गोल पूर्णांकांत येतात, म्हणून पुन्हा पुन्हा जुळतात. जानेवारी 2024 मध्ये बंगळुरूला भारत-अफगाणिस्तान सामन्यात दोन सुपर ओव्हर खेळाव्या लागल्या. वेळ सलग वाहतो, त्यामुळे दोन संघांचा वेळ तंतोतंत जुळणं फार अवघड. फैसला एकाच गड्यावर होतो, म्हणजे नशीब इथेही आहेच. पण बरोबरीचा गुंता मुळातच सुटतो. मोजायची राशीच बदलण्याची ही कल्पना मला विलक्षण देखणी वाटते.

पाळीचा प्रश्न तेवढा उरतो. दुसऱ्यांदा आक्रमण करणाऱ्याला किती सेकंदांत गडी टिपायचा हे ठाऊक असतं. त्याचा फायदा होतो की दडपण येतं, हे संख्याशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याने जुन्या गुणपत्रिका गोळा करून तपासावं. मात्र शंभर-सव्वाशे सामन्यांवर थांबू नये.